बार्ड विरुद्ध गोर

कृत्रिम रक्तवाहिनीच्या पेटंटावरून अमेरिकेत चार दशके चाललेला वाद. निकामी धमनीला पर्याय म्हणून, तसेच डायलिसिससाठी धमनी व नीला जोडण्यासाठी वापरली जाणारी ही नळी टेफ्लॉनच्याच रसायनापासून बनते. गोर कंपनीच्या बॉब गोर यांनी १९६९ मध्ये हे द्रव्य तापवून झटक्याने ताणले, तेव्हा ते न तुटता सच्छिद्र झाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात गाठी आणि त्यांना जोडणारे तंतू दिसतात. सारा वाद या तंतूंच्या लांबीचा. ती नेमकी साधली, तरच शरीरातील ऊती नळीच्या भिंतीत आरपार वाढतात आणि नळी गुठळीने बंद न पडता टिकते.

गोर कंपनीच्या फ्लॅगस्टाफ (अ‍ॅरिझोना) येथील पीटर कूपर यांनी १९७३ मध्ये अशा नळ्या शल्यचिकित्सक डॉ. डेव्हिड गोल्डफार्ब यांना तपासायला दिल्या. गोल्डफार्ब यांनी त्या कुत्र्यांच्या शरीरात बसवून पाहिल्या. काही निकामी ठरल्या, एक उत्तम चालली. ती का चालली हे त्यांनी तिच्या रचनेवरून ओळखले. १९७४ मध्ये दोघांनीही पेटंटासाठी अर्ज केले. नळी कूपर यांची, निरीक्षण गोल्डफार्ब यांचे. मग शोधक कोण?

कूपर यांचा अर्ज काही महिने आधीचा होता. पण अमेरिकेत तेव्हा आधी अर्ज करणाऱ्याला नव्हे, आधी शोध लावणाऱ्याला पेटंट मिळे. १९८३ मध्ये सुरू झालेली अग्रक्रमाची चौकशी अपिलांसह २००१ पर्यंत रेंगाळली आणि कौल गोल्डफार्ब यांच्या बाजूने लागला. तो न्याय्य आहे: वस्तू घडवणे वेगळे आणि तिच्या यशाचे कारण ओळखणे वेगळे. त्यासाठी लागलेला काळ मात्र समर्थनीय नाही. पेटंट प्रत्यक्ष हाती आले ते २० ऑगस्ट २००२ रोजी.

गोल्डफार्ब यांच्याकडून हक्क घेतलेली इम्प्रा ही कंपनी १९९६ मध्ये बार्ड कंपनीने विकत घेतली होती. बार्डने २००३ मध्ये गोरवर दावा लावला. २००७ मध्ये ज्यूरीने उल्लंघन जाणूनबुजून केल्याचे ठरवून बार्डला सुमारे १८.५ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. न्यायाधीश मेरी मुर्गिया यांनी ती दुप्पट केली. गोरच्या नळ्यांची विक्री थांबवण्याचा हुकूम देण्यास मात्र त्यांनी नकार दिला, कारण रुग्णांना त्या लागत होत्या. त्याऐवजी विक्रीवर साडेबारा ते वीस टक्के रॉयल्टी ठरवली. दोन कंपन्यांच्या भांडणात शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या माणसाचा विचार झाला, हा या खटल्याचा सर्वांत मोलाचा भाग होय.

२०१२ मध्ये अपील न्यायालयाने हेतुपुरस्सरतेचा मुद्दा फेरविचारासाठी परत पाठवला. २०१५ मध्ये मूळ निकालच कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. १९७४ च्या अर्जावरील या पेटंटाची मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली.