कावळ्याला विचारण्याआधी

नदीच्या घाटावर दहाव्याचे पिंड मांडलेले आहेत, कावळे पलीकडच्या झाडावर बसलेत आणि एकही खाली उतरत नाही, हे दृश्य तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. मग जमलेली माणसं एकेक करून मोठ्यानं बोलू लागतात. 'धाकटीचं लग्न आम्ही करू', 'घर विकणार नाही, काळजी करू नका'. गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखली गेली की कावळा शिवतो, अशी आपली समजूत. १९८९ साली माझ्या आत्याच्या दहाव्याला आम्ही तासभर असे उभे होतो. सगळ्यांचं सगळं कबूल करून झालं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

आत्याला काय हवं होतं ते आम्हाला कसं कळणार? तिला कॅन्सर झाला होता आणि आम्ही तिला 'अल्सर आहे' असं सांगितलं होतं. चार महिने घरातला प्रत्येक जण हसऱ्या चेहऱ्यानं तिच्या खोलीत जात होता आणि बाहेर येऊन डोळे पुसत होता. तिला सगळं समजलं होतं, असं मला आता वाटतं. पण आम्ही नाटक करतोय म्हटल्यावर तिनंही केलं. वेदना असह्य झाल्या की डॉक्टर इंजेक्शन देत. त्याआधी मागितलं तर सवय लागेल म्हणून नकार. चांगलेच गृहस्थ होते ते. त्या काळी बहुतेक ठिकाणी असंच चाले.

मरणाऱ्या माणसालाच विचारावं, ही साधी गोष्ट वैद्यकशास्त्रात कुठून आली, याचा माग काढत गेलं की आपण लंडनमधल्या एका वॉर्डात पोचतो. सिसिली सॉन्डर्स ही १९१८ साली जन्मलेली बाई. ऑक्सफर्डमधलं शिक्षण अर्धवट सोडून युद्धकाळात ती नर्स झाली, पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं, म्हणून रुग्णालयातली समाजसेविका झाली. तिथं तिला डेव्हिड तास्मा भेटला. वॉर्सामधून आलेला ज्यू, हॉटेलात वेटर, वय चाळीस, लंडनमध्ये जवळचं असं कुणी नाही आणि कॅन्सर पसरलेला. तिनं त्याच्यापासून काही लपवलं नाही. ती त्याच्याजवळ जाऊन बसे आणि दोघं बोलत. आपण जगात आलो-गेलो याची काही खूणच राहणार नाही, हे त्याचं मोठं दुःख होतं. अशा माणसांसाठी एक वेगळी जागा असावी, ही कल्पना त्या गप्पांतून निघाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो गेला तेव्हा त्यानं तिच्या नावे ५०० पौंड ठेवले होते. तिच्या त्या न बांधलेल्या घरातली एक खिडकी आपली असावी म्हणून.

खिडकी आधी मिळाली, घर उभं राहायला एकोणीस वर्षं लागली. मधल्या काळात ती सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या रुग्णालयात संध्याकाळी सेवेला जाऊ लागली. तिथल्या नर्स मॉर्फिन घड्याळाप्रमाणे देत. आधीच्या मात्रेचा असर संपायच्या आत पुढची. रुग्णाला विव्हळून औषध 'मिळवावं' लागत नसे. वेदना परत येणार ही धास्ती गेली की माणूस बोलतो, जेवतो, झोपतो. हे डॉक्टरांना पटवायचं तर आधी स्वतः डॉक्टर हो, असं तिला एका सर्जननं सुनावलं. तेहतिसाव्या वर्षी ती वैद्यकीय कॉलेजात गेली, १९५७ साली डॉक्टर झाली. पुढं सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये तिनं रुग्णांचं बोलणं टेप करून ठेवलं. दुखतंय कुठं, या प्रश्नावर एका बाईंनी पाठीपासून सुरुवात केली आणि शेवटी आपलं सगळंच बिनसलंय इथवर त्या आल्या. शरीर, पैशाची चिंता, घरच्यांचे हाल, देवावरचा राग हे सगळं मिळून एकच दुखणं असतं, हा सॉन्डर्सचा विचार अशा उत्तरांतूनच तयार झाला.

१९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. तास्माची खिडकी तिथं आहे. कॉलिन मरी पार्क्स या मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीनं तिथं मागं राहिलेल्यांचीही विचारपूस होऊ लागली. (शोकाच्या 'पाच पायऱ्या' सांगणारं एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं पुस्तक १९६९ चं. त्या पायऱ्या मुळात स्वतः मरणाला सामोरं जाणाऱ्यांच्या होत्या. आपण मात्र त्या रेल्वेच्या स्टेशनांसारख्या ओळीनं मोजतो.) आपल्याकडे सुतक, शेजारून येणारा पिठलं-भात, तेराव्यापर्यंत माणसांनी भरलेलं घर, यांत ही विचारपूस होतीच. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर तीही आटली.

भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईतलं. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' काढलं. पण दैव पाहा, आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा झाला होता. मॉर्फिनसाठी इतके परवाने लागू लागले की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकत होती, परदेशी जात होती, आणि तिच्यापासून होणारं स्वस्त औषध आमच्या आत्याच्या तालुक्याला मिळत नव्हतं. केरळात कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली काम सुरू केलं. शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी पाठवलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ मध्ये सुरू झालं. कायद्यात दुरुस्ती व्हायला मात्र २०१४ साल उजाडलं. एकोणतीस वर्षं!

२०१६ मध्ये माझा थोरला भाऊ आजारी पडला. या वेळी आम्ही लपवलं नाही. मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या, वेळच्या वेळी दिल्या. एका संध्याकाळी धीर करून मी विचारलं, "दादा, तुला काय हवंय?" काहीतरी मोठं, जड ऐकायची मी तयारी केली होती. तो म्हणाला, "आधी दाढी कर माझी. आणि वाचनालयाची दोन पुस्तकं राहिलीत, ती देऊन ये." मग थोड्या वेळानं वहिनीच्या नावावरच्या खात्याचं सांगितलं आणि आत्याच्या चार महिन्यांचा विषयही त्यानंच काढला. रात्री उशिरापर्यंत आम्ही तिच्याबद्दलच बोलत बसलो होतो.

त्याच्या दहाव्याला घाटावर कुणाला मोठ्यानं काही कबूल करावं लागलं नाही. पुस्तकं आदल्याच आठवड्यात परत गेली होती.