राज्यव्यापी विद्यार्थि-मूल्यमापन, अमेरिकेतील

राज्यातील सर्व सार्वजनिक शाळांमधील ठराविक इयत्तांच्या विद्यार्थ्यांची, प्रश्न, सूचना, वेळ व गुणदानपद्धती समान ठेवून राज्य शासनाने घेतलेली परीक्षा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिक्षण हा मुख्यत्वे घटक राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने अशा परीक्षा राज्यागणिक निरनिराळ्या आहेत. परीक्षा शाळेची की विद्यार्थ्याची, हा प्रश्न त्यांच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

या पद्धतीचे मूळ १८४५ मधील बॉस्टन शहराच्या परीक्षेत सापडते. तत्पूर्वी शालेय समितीचे सभासद वर्षातून एकदा शाळेत येऊन मोजक्या मुलांना तोंडी प्रश्न विचारीत. मॅसॅचूसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचा चिटणीस हॉरेस मान (१७९६–१८५९) याचा बॉस्टनच्या मुख्याध्यापकांशी अध्यापनपद्धती व शारीरिक शिक्षा यांविषयी वाद चालू होता. त्याचा मित्र सॅम्युएल हाव (१८०१–७६) व त्याचे सहकारी यांनी शहरातील निवडक विद्यार्थ्यांना छापील प्रश्नपत्रिका देऊन लेखी उत्तरे घेतली. एका शाळेतील प्रश्न दुसऱ्या शाळेला अगोदर कळू नयेत, अशी दक्षताही घेतली. एक-तृतीयांशाहूनही कमी उत्तरे बरोबर आली. अनेकांना व्यापारबंदीचे वर्ष पाठ होते. परंतु व्यापारबंदी म्हणजे काय, हे सांगता येत नव्हते. आफ्रिकी वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्मिथ शाळेतील निकाल तर अत्यंत निराशाजनक होता. ही परीक्षा शाळांच्या कामाची होती. तीवर कोणाही मुलाचे भवितव्य अवलंबून नव्हते.

न्यूयॉर्क राज्याने मात्र १८६५ मध्ये सुरू केलेली प्राथमिक परीक्षा अनुदानाशी जोडली. माध्यमिक शाळेस मिळणारे राज्याचे साहाय्य उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरू लागले. १८७८ पासून तेथे माध्यमिक अभ्यासक्रमाच्या परीक्षाही होऊ लागल्या. आयोवा राज्यात ई. एफ्. लिंडक्विस्ट (१९०१–७८) याने १९२९ मध्ये सर्व विद्यार्थ्यांसाठी परीक्षा-कार्यक्रम सुरू केला. उत्तरपत्रिका प्रकाशकिरणांच्या साहाय्याने वाचणारे यंत्रही पुढे त्याच्याच प्रयत्नांतून तयार झाले आणि लक्षावधी उत्तरपत्रिका अल्पावधीत तपासणे शक्य झाले.

संघराज्य शासनाचा यातील सहभाग १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण अधिनियमानंतर वाढत गेला. २००२ मध्ये अंमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ अधिनियमाने तिसरी ते आठवी प्रतिवर्षी व माध्यमिक स्तरावर एकदा वाचन आणि गणित यांची परीक्षा संघीय अनुदान घेणाऱ्या राज्यांना बंधनकारक केली. २०१३-१४ पर्यंत सर्व विद्यार्थी प्रवीण व्हावेत, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. वंश, आर्थिक स्थिती, अपंगत्व व इंग्रजीचे अल्पज्ञान यांनुसार प्रत्येक गटाचा निकाल स्वतंत्रपणे जाहीर करण्याची त्यातील तरतूद महत्त्वाची होय. कारण शाळेच्या सरासरीआड दडलेली दुर्बल गटांची उपेक्षा तीमुळे उघड झाली. दुर्बल मुलांना परीक्षेच्या दिवशी घरी ठेवता येऊ नये, म्हणून प्रत्येक गटातील किमान ९५ टक्के विद्यार्थ्यांनी परीक्षा देणे आवश्यक ठरविण्यात आले. सर्व विद्यार्थ्यांना प्रवीण करण्याचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. २०१५ च्या अधिनियमाने वार्षिक परीक्षा कायम ठेवून निष्कृष्ट निकालावरील उपाययोजनेचा अधिकार बव्हंशी राज्यांकडे परत दिला. २०२० च्या वसंत ऋतूत कोव्हिड साथीमुळे या परीक्षा घेण्यात आल्या नाहीत.

परीक्षेचे संचालन शाळेतील शिक्षकांकडूनच होते. प्रश्नसाहित्य कुलुपबंद ठेवणे, त्याच्या देवघेवीची नोंद करणे, ठरलेल्या सूचना शब्दशः वाचून दाखविणे, अपंग विद्यार्थ्यांना वाढीव वेळ, मोठा टंक किंवा ब्रेल लिपी उपलब्ध करून देणे व प्रत्येक अनियमितता वरिष्ठांस कळविणे ही त्यांची कर्तव्ये असतात. एकविसाव्या शतकात छापील पुस्तिकांची जागा बव्हंशी संगणकाने घेतली. तथापि ज्याच्या कामाची पारख व्हावयाची, त्याच्याच हाती परीक्षेचे संचालन राहते, हे या व्यवस्थेतील मर्मस्थान होय. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात २००९ च्या उत्तरपत्रिकांत चूक उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा अस्वाभाविक प्रमाणात आढळल्या. २०११ च्या चौकशी अहवालाने ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक यांना गैरप्रकारात गोवलेले दाखविले. २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. खोट्या गुणांमुळे ज्या मुलांची उणीव झाकली गेली, त्यांना आवश्यक ते साहाय्य मिळण्याचा मार्गही बंद झाला.

मॅसॅचूसेट्समध्ये १९९३ च्या शिक्षण सुधारणा अधिनियमाने शाळांचा निधी वाढविला व त्याच्या जोडीला राज्यपरीक्षाही आणली. ही परीक्षा १९९८ मध्ये प्रथम घेण्यात आली. २००३ पासून दहावीच्या स्तरावरील इंग्रजी व गणित यांत उत्तीर्ण झाल्याविना शालान्त पदविका मिळेनाशी झाली. या अटीमुळे अध्ययनाचा दर्जा उंचावला, असे समर्थकांचे म्हणणे होते. तर नवागत स्थलांतरित व अपंग मुले पदविकेस मुकतात, असा विरोधकांचा आक्षेप होता. नोव्हेंबर २०२४ मधील सार्वमताने ही अट रद्द केली. संघीय कायद्यानुसार परीक्षा मात्र चालू राहिली. अशा रीतीने, जेथे शाळांची पारख करण्यासाठी लेखी परीक्षा प्रथम योजिली गेली, त्याच राज्यात तिचे मूळ प्रयोजन पुन्हा प्रमुख ठरले.