मांडवीकाठचा वाडा आणि आज्ञेचा प्रश्न

आजचा विषय पणजीचा आदिलशहाचा वाडा. झरीत बसून पणजीचं काय, असं कुणी विचारेल. पण इथून दमण कितीसं लांब? १९८७ पर्यंत दमणचा कारभार गोव्याहून चाले. दादरा-नगर हवेलीचाही १९५४ पर्यंत, दमणमार्फत. आपल्या शेजाऱ्यांचे साहेब त्या वाड्यातून हुकूम काढत. म्हणून तो वाडा आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

विजापूरच्या युसूफ आदिलशहाने १५०० च्या सुमारास मांडवीच्या तोंडाशी तो बांधला. राहायला जागा, आणि नदीतून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर नजरही. भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतलं, काही महिन्यांत गमावलं, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकलं. वाड्याचा मालक बदलला.

मात्र राजधानी पणजी नव्हती, ती होती जुन्या गोव्यात. तिथेही आदिलशहाचा मोठा वाडा होता आणि व्हाइसरॉय त्यातच राहू लागले. पुढे साथींनी ते शहर ओस पडत गेलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीच्या वाड्यात मुक्काम हलवला. १८४३ ला पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या गोव्यातला वाडा मात्र १८२० मध्ये पाडला गेला. आज त्याचा दरवाजा तेवढा उभा आहे. म्हणजे बघा, एकाच सुलतानीचे दोन वाडे. ज्यात कचेरी राहिली तो टिकला, ज्यातली कचेरी गेली तो पडला. दगडांत सत्ता नसते. सत्ता दगडांना सांभाळते.

१९१८ मध्ये गव्हर्नरचा मुक्काम काबोला गेला, कचेऱ्या वाड्यातच राहिल्या. विजापूर गेलं, लिस्बन आलं, तरी एक गोष्ट साडेचारशे वर्षं बदलली नाही. ज्याच्यावर हुकूम चालायचा, त्याला कुणी फारसं विचारत नव्हतं.

९ जानेवारी १९६४ ला ती बदलली. त्या दिवशी गोवा, दमण आणि दीवची पहिली विधानसभा याच वाड्यात भरली. ३० सदस्य निवडून आलेले: २८ गोव्याचे, एक दीवचा, एक दमणचा. आपला शेजारी त्या घरात सदस्य म्हणून बसला.

आता खरा प्रश्न. निवडून दिलं म्हणजे सगळंच मान्य केलं का? सत्तेवरच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला गोवा महाराष्ट्रात हवा होता. पण निकाल सभागृहावर सोडला नाही, १६ जानेवारी १९६७ ला थेट लोकांना विचारलं. दमण-दीवला प्रश्न गुजरातचा होता. गोव्यात १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याला पडली, १,३८,१७० विलीनीकरणाला. आणि गंमत अशी, की त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच मतदारांनी त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिलं!

काहींना हा गोंधळ वाटतो. मला त्यात शहाणपण दिसतं. कारभार तुम्ही करा, पण आम्ही कोण हे आम्ही ठरवू, असं लोकांनी सांगितलं. संमती ही एकदा दिली की संपली अशी वस्तू नाही. प्रत्येक प्रश्नावर ती नव्याने मागावी लागते.

२००० साली विधानसभा पर्वरीला गेली. वाड्यात आता कलाप्रदर्शनं भरतात. पणजीला गेलात तर आत जरूर जा. आणि घरी आल्यावर आपल्या ग्रामसभेतही बसा, कारण तोच प्रश्न तिथेही आहे: ठराव वाचून दाखवला, की विचारून केला?