नॉर्दम्प्टनच्या खेळपट्टीवर फ्रँक टायसन

मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर मी बरीच वर्षं मध्यमगती गोलंदाजी केली. जीव तोडून टाकलेला चेंडू टप्पा पडताच बसला की काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून इंग्लंडचा वेगवान गोलंदाज फ्रँक टायसन याची कारकीर्द एवढी आखूड का, असं कुणी विचारलं की मी आधी नॉर्दम्प्टनच्या खेळपट्टीकडे बोट दाखवतो.

टायसन लँकशायरचा, जन्म १९३०चा. घरच्या कौंटीत जागा मिळाली नाही, नॉर्दम्प्टनशायरने घेतलं. १९५२ साली भारतीय संघाविरुद्ध तो प्रथम श्रेणीत उतरला आणि पहिला बळी मिळवला तो पंकज रॉयचा, शून्यावर. डरहॅम विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेला हा पदवीधर हौशी नव्हे, पगारी खेळाडू म्हणून खेळला. गोलंदाजीच्या खुणेकडे परतताना तो वर्ड्सवर्थच्या ओळी मनाशी घोळवायचा.

१९५४-५५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ब्रिस्बेनला त्याने १६० धावा देऊन एकच बळी घेतला आणि इंग्लंड डावाने हरलं. मग त्याने आपली लांबलचक धाव कापली. अशा मानहानीनंतर बहुतेक गोलंदाज आणखी जोर लावायला बघतात. याने डोकं चालवलं, हे मला फार मोठं वाटतं. सिडनीत फलंदाजी करताना ऑस्ट्रेलियाच्या लिंडवॉलचा उसळता चेंडू डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. इस्पितळात नेऊन क्ष-किरण तपासणी करावी लागली. डोक्यावर टेंगूळ घेऊन तो परतला आणि ८५ धावांत ६ गडी बाद केले. २२३ धावांचा पाठलाग करणारा ऑस्ट्रेलिया १८४ वर आटोपला. मेलबर्नला शेवटच्या सकाळी २ बाद ७५ वरून यजमान १११ वर संपले. टायसन २७ धावांत ७ बळी. मालिकेत एकूण २८.

आणि असा माणूस घरी परतून कुठे राबला? नॉर्दम्प्टनला. तिथलं मैदान फुटबॉल क्लबबरोबर वाटून घेतलेलं, खेळपट्टी संथ, फिरकीला धार्जिणी. जॉर्ज ट्राइब, जॅक मॅनिंग यांच्या फिरकीचं तिथे सोनं झालं. १९५७ साली कौंटी अजिंक्यपदात दुसरी आली. कौंटीच्या दृष्टीने हिशेब बरोबरच होता, पण मला राग येतो. आठवड्याचे सहा दिवस क्रिकेट, त्यात मेलेली खेळपट्टी, आणि त्या वेगाचा सगळा भार पायांवर. दुखापती वाढत गेल्या. १९६०मध्ये, वयाच्या तिशीतच तो थांबला. १७ कसोटींत ७६ बळी, सरासरी १८.५६.

पुढे तो मेलबर्नला स्थायिक झाला, शाळेत शिकवू लागला. नंतर बीसीए-मफतलाल योजनेत त्याने मुंबईच्या तरुण वेगवान गोलंदाजांना धडे दिले. फलंदाजांचं कौतुक करण्यात दंग असलेल्या आमच्या शहरात या कामाची नीट दखल घेतली गेली नाही, असं माझं ठाम मत आहे.