अघनाशिनीचे दोन तीर

भूगोलाचे अभ्यासक सीमांचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगतात : डोंगर, नदी, समुद्र यांनी निसर्गतः घातलेल्या आणि राज्यकर्त्यांनी नकाशावर आखलेल्या. गोमंतकाचा इतिहास पाहू लागले की ही विभागणी अपुरी वाटते. जुवारी, म्हणजेच जुन्या परंपरेतील अघनाशिनी, ही नदी युगानुयुगे वाहतच होती. पण ती 'सीमा' झाली सोळाव्या शतकात. तोवर ती वाट होती. साष्टीतला माणूस होडीत बसून अंत्रुजात जाई, तेव्हा आपण परमुलखात चाललो आहोत असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली. १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश त्यांच्या हाती गेले. तेथे त्यांचे राज्य थांबले आणि पाण्याला एकाएकी दोन तीर फुटले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. त्याच दशकात साष्टीतील देवळे जमीनदोस्त झाली. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची महालसा तर आपल्या वाड्याचे नावही बरोबर घेऊन आली आणि अंत्रुजात दुसरे म्हार्दोळ वसले. त्या वेळी फोंडा महाल विजापूरच्या आदिलशाहीत होता. आमच्या देवांना पहिला निवारा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी आवर्जून सांगितली जात नाही.

देवांबरोबर महाजन आले, पण सारा गाव काही आला नाही. शेतीवाडी आणि गावकरीचे हक्क मागे टाकून जाणे ज्यांना शक्य नव्हते ते राहिले आणि पुढे ख्रिस्ती झाले. एकाच गावाचे दोन समाज झाले, ते असे. भाषेचीही तीच गत. नदीकाठच्या रायतूर येथे १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमी. पुढे १६८४ च्या फर्मानाने तीन वर्षांत देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा झाली. पैलतीरी देवळांच्या सभामंडपांत मराठी कीर्तन-पुराणे चालू राहिली. गोव्यातील मराठीचा इतिहास लिहिताना संत आणि पंडित यांची नावे आपण घेतो. या पाण्याचे नाव क्वचितच घेतो.

१७६३ मध्ये फोंडाही पोर्तुगिजांकडे गेला आणि राजकीय सीमा पुसली गेली. मात्र धर्मांतराचा पूर्वीचा जोर तोवर ओसरला होता. नव्या प्रजेच्या धर्माला व रूढींना हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले, म्हणून अंत्रुजातील देवळे वाचली. 'जुन्या काबिजादी' आणि 'नव्या काबिजादी' हे शब्द दप्तरातून लोकांच्या बोलण्यात उतरले. भूगोलात अशा मावळलेल्या सीमेला अवशिष्ट सीमा म्हणतात. तिचे अवशेष दगडांतच शोधायला हवेत असे नाही. १९०० मध्ये मंगेशीस जन्मलेल्या मास्टर दीनानाथांचे 'मंगेशकर' हे आडनाव ज्या गावावरून आले, त्या गावाला स्वतःचे नाव मिळाले ते नदी ओलांडून आलेल्या देवावरून.

आज कुठ्ठाळीहून आगशीला पुलावरून काही मिनिटांत जाता येते. २०२२ मध्ये तेथे नवा, अधिक रुंद पूलही खुला झाला. अलीकडच्या काळात वेर्ण्याला मूळस्थानी महालसेचे देवालय पुन्हा उभे राहिले आहे. अंत्रुजातली महालसा मात्र म्हार्दोळलाच आहे.