बडोद्याचें कलावंत खातें

श्रोतेहो, राज्यकारभार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें शेतसारा, फौज, न्यायकचेरी हीं खातीं उभीं राहतात. गाणें, नाच, नाटक यांचेंही एक सरकारी खातें असावें, त्यावर वरिष्ठ कामगार नेमावा आणि वर्षभरांत कोणी, कोठें, केव्हां आपली कला सादर करावी याची आंखणी त्यानें करावी, ही कल्पना आपणांस अगदीं अलीकडची वाटते. वस्तुतः ती तशी नाहीं. अशाच एका जुन्या खात्याची हकीकत आज आपल्यापुढें सांगावयाची आहे. तें म्हणजे बडोदें संस्थानचें कलावंत खातें.

मराठी राज्यांत अठरा कारखाने असत, हें आपण लहानपणीं शाळेंत शिकलां आहां. कारखाना म्हणजे गिरणी नव्हे. तें दरबारचें एक खातें. पीलखाना, जामदारखाना, नगारखाना हीं नांवें आपल्या परिचयाचीं आहेत. गायकवाडांच्या दरबारीं कलावंतांचाही असा एक कारखाना होता. गवई, वादक व नर्तकी यांचीं नांवें त्याच्या पगारपत्रकावर असत. १८८० सालीं श्रीमंत सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशीं झाला, तेव्हां तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व त्यांचे साथीदार बडोद्यास आले आणि तेही या दरबारचे नोकर झाले.

पुढच्याच वर्षीं, १८८१ सालीं, महाराजांच्या हातीं पूर्ण अधिकार आले. कवळाण्याच्या शेतकरी घरांतून दत्तक आलेल्या या राजाला शिस्तीची व हिशेबाची मोठी आवड. इतर खात्यांप्रमाणें कलावंत खात्यालाही लेखी नियम लागले. नेमणूक, पगार, हजेरी, रजा, दंड, सारें कांहीं कागदावर आलें. ज्या गवयानें आजवर गुरूखेरीज कोणाची आज्ञा मानली नव्हती, त्याला रजेचा अर्ज करण्याची पाळी आली! आपल्याला हंसूं येईल. पण या कागदाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर्वी धन्याची मर्जी फिरली कीं कलावंताची चूल विझे. आतां त्याला ठरलेला महिना मिळूं लागला. नियमानें त्याच्या गळ्याला कांहीं दिलें नसेल, पण घरच्या शिध्याची काळजी दूर केली.

महाराजांची दृष्टि दरबारापुरतीच नव्हती. १८८६ सालीं मौलाबक्ष यांच्या हातून बडोद्यास गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्ष हे उत्तरेचें व दक्षिणेचें असें दोन्ही संगीत जाणणारे. त्यांनीं गाणें कागदावर उतरविण्याची पद्धति बसविली व शिकणारांसाठीं पुस्तकें तयार केलीं. जी विद्या घराण्याच्या उंबऱ्याआड राही, ती शाळेच्या फळ्यावर आली. सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण अमरेली भागांत १८९३ सालीं सुरू करून १९०६ सालीं सर्व संस्थानभर नेणारा राजा गाण्याचीही शाळा काढतो, यांत नवल तें काय?

याच धोरणाचें मोठें फळ १९१६ च्या मार्च महिन्यांत दिसलें. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीनें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद् बडोद्यास भरली. भिन्न भिन्न घराण्यांचे उस्ताद आणि शास्त्राचे अभ्यासक एका मांडवाखालीं बसले. संगीतासाठीं सर्व देशाची एक संस्था असावी, हा विचार तेथें बोलला गेला. तो प्रत्यक्षांत यावयास मात्र १९५३ साल उजाडलें. त्या वर्षीं दिल्लीस संगीत नाटक अकादमीचें उद्घाटन झालें.

आतां या खात्याच्या मर्यादेची गोष्ट. मागील शतकाच्या आधींच्या दशकांत, म्हणजे १८९० नंतर, अब्दुल करीम खां हे बडोद्याच्या दरबारीं होते. तसा गळा शंभर वर्षांत एखादाच. पण ते तेथें राहिले नाहींत. दरबारचे मानकरी सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्यासह ते बडोदें सोडून गेले. पगार, नियम, दंड यांपैकीं कशानेंही ते अडले नाहींत. आणि गंमत पहा! पुढें त्यांची कन्या सर्व महाराष्ट्रांत गाजली, ती हिराबाई बडोदेकर या नांवानें. खात्याच्या हातून गवई निसटला. गांवाचें नांव मात्र ज्या कन्येनें घरोघर पोंचविलें, ती त्या खात्याच्या पटावर कधींच नव्हती. याच्या उलट, फैयाज खां पुढें बडोद्यास आले आणि १९५० सालीं देह ठेवीपर्यंत तेथलेच राहिले. एकच दरबार, एकाला तो पिंजरा झाला, दुसऱ्याला घर.

हा भेद मला माझ्या एका चुकीनें समजला. मी छत्तीस वर्षें मास्तरकी केली. शाळेच्या स्नेहसंमेलनाची आंखणी बहुधा माझ्याकडे असे. प्रत्येक कार्यक्रमास सात मिनिटें, मग घंटा, असा माझा शिरस्ता. एका वर्षीं जवळच्या खेड्यांतील एका वृद्ध शाहिरास बोलाविलें होतें. पोवाडा ऐन रंगांत आला, मुलें श्वास रोधून ऐकत होतीं, आणि मीं घंटा वाजविली. म्हाताऱ्यानें डफ खालीं ठेविला, आम्हांस नमस्कार केला व तो मुकाट्यानें उतरून गेला. पुन्हा बोलावणें पाठविलें; तो आला नाहीं. त्या दिवशीं कार्यक्रम वेळेवर संपला, एवढेंच माझें यश.

१९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. गायनशाळा विश्वविद्यालयाच्या छत्राखालीं गेली. राजाचें काम लोकांच्या सरकारानें उचललें. मुंबई राज्यानें १९५४ सालीं नाट्यस्पर्धा सुरू केली आणि ती पुढें महाराष्ट्र राज्यानें चालविली. आजही सरकारी कचेरींत एखादा वरिष्ठ अधिकारी टेबलाशीं बसून महोत्सवाच्या तारखा, नाट्यगृहें, परीक्षक व अनुदानें यांचा मेळ घालीत असतो. टाळ्या कलावंतास मिळतात. चूक झाली तर बोल याला. त्याचें काम हलकें समजूं नये. त्याच्या कागदावांचून कित्येक गुणी माणसें उपाशीं राहतील आणि कित्येक विद्या त्यांच्याबरोबर जातील.

परंतु त्यानें बडोद्याचा धडा ध्यानीं ठेवावा. सरकारला कलावंताचा शिधा बांधून देतां येतो, शाळा काढतां येते, मांडव घालतां येतो, विद्येची नोंद राखतां येते. गाणें मात्र हुकमानें येत नाहीं. तें आलें, म्हणजे घड्याळ विसरून घंटेवरचा हात आंवरावा. मला तें त्या दिवशीं साधलें नाहीं. त्यास साधो, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची इच्छा.