दुष्काळात आपल्या वाडवडिलांनी काय खाल्ले

ख्रिस्तमंदिराच्या बांधकामाची, धर्मगुरूंच्या कारकीर्दीची व शाळेच्या वाढीची हकीकत या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदी साधा आहे. पाला, कंद, बिया व काटे यांचा हा वृत्तान्त काही वाचकांस ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी अस्थानी वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी अवर्षणाचाच इतिहास आहे. आणि ‘तुमचे पूर्वज पोत्याभर धान्यासाठी बाटले’ हा टोमणा आपल्यापैकी ज्यांनी कधीच ऐकला नाही असे थोडेच असतील. तेव्हा ते पूर्वज वास्तविक कशावर जगले, हे एकदा पाहणे अगत्याचे आहे.

इ. स. १८७६ मध्ये दख्खनेत पाऊस बुडाला व पुढील दोन वर्षे लोकांची अन्नान्न दशा झाली. सरकारने खडी फोडण्याची व तळी खोदण्याची कामे काढली. परंतु १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेम्पल यांच्या सल्ल्यावरून मजुरीचे मान उतरविण्यात आले. पुरुषास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा, असा तो हिशेब होता. दिवसभर घण उचलणाऱ्या माणसास एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा शेर धान्य किती पुरेल, याचा विचार ज्याने भाकरी भाजली आहे त्यानेच करावा. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीविरुद्ध कामे सोडली व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पोटाची उरलेली खळगी मात्र रानानेच भरावयाची होती.

आता, पाऊसच नाही तर रानात तरी काय असणार, अशी शंका येणे साहजिक आहे. श्रावणातील टाकळा, कुर्डू, तांदुळजा या भाज्या पहिल्या पावसाच्या. अवर्षणात त्या उगवत नाहीत, उगवल्या तर लगेच करपतात. परंतु दुष्काळ येतो तो ज्वारी-बाजरीवर. काही झाडाझुडपांचा स्वभावच असा की कोरड्या जमिनीतही ती तग धरतात. घोळ ही जमिनीसरसी पसरणारी, जाड व रसाळ पानांची भाजी आटलेल्या ओढ्याच्या ओलीवरही जगते. उंबर, बोर व चिंच यांची मुळे खोल असतात. सराटा तर जणू रुक्ष जमिनीसाठीच जन्मास आला आहे.

या सराट्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. अनवाणी पायांस तो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे फळ वाळले म्हणजे त्याच्या पाच फाका होतात आणि प्रत्येकीस टणक काटे असतात. या काटेरी कवचात बारीक बिया असतात. दख्खनच्या दुष्काळांत ही फळे गोळा करून, उखळात कांडून, जात्यावर दळून, पीठ चाळून मूठभर ज्वारीत मिसळीत व भाकरी करीत. एका भाकरीपुरत्या पिठास किती टोपल्या सराटे वेचावे लागत असतील आणि वेचणारीच्या बोटांची काय दशा होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. बरबड्याच्या बारीक बियांचेही असेच पीठ करीत. चिंचोके भाजून, वरची साल काढून दळीत. आंब्याच्या कोयीतील गर तुरटपणा जाईपर्यंत भिजवून, वाळवून त्याचे पीठ करीत. उंबराचे फळ फोडून, आतील चिलटे झटकून खात; काही जण झटकीतही नसत. आणि सर्वांत करुण गोष्ट म्हणजे मुंग्यांनी बिळांत साठविलेले गवताचे बी लोक उकरून काढीत.

फड्या निवडुंगाची लाल बोंडे त्या काळी कुंपणोकुंपणी मिळत. त्यांवरील बारीक कुसे घासून काढल्याखेरीज ती तोंडात घालता येत नाहीत, घातली तर जीभ दिवसभर टोचते. निवडुंगाची पाने काटे जाळून जनावरांस घालीत. हे झाड मूळचे अमेरिकेचे. १९२६ च्या सुमारास त्याचा नाश करण्यासाठी एक कीटक दक्षिण हिंदुस्थानात मुद्दाम सोडण्यात आला आणि पाहता पाहता ती कुंपणे नाहीशी झाली. शेतकऱ्यास ते इष्टच होते, परंतु दुष्काळाचे एक कोठारही त्याबरोबर गेले.

हे सर्व खाणे निर्धोक होते असे कोणी समजू नये. सह्याद्रीकडील लोक कडू करांदे खणून आणीत. त्यांचे काप राखेच्या पाण्यात उकळून व वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालविल्याशिवाय ते खाणे म्हणजे विष खाणेच होय. लाखेची डाळ दुष्काळात तग धरते व स्वस्त मिळते, परंतु महिनोन् महिने तीच खाल्ल्यास मनुष्याचे पाय लुळे पडतात. उपाशी आतड्यांस नुसता पालाही सोसत नाही. दुष्काळात जितके लोक उपासमारीने गेले त्याहून अधिक पटकी, हगवण व ताप यांनी गेले, यात सदोष अन्न व घाण पाणी या दोहोंचा वाटा होता. म्हणूनच कोणता पाला कोवळा घ्यावा, कोणता उकळून पाणी फेकावे, हे जाणणाऱ्या वृद्ध स्त्रीचे मोल त्या काळी वैद्याहून कमी नव्हते.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ज्या काळात रानाची सर्वाधिक गरज होती त्याच काळात रानास कुंपण पडले. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी राखीव रानातून लाकूडफाटा, चारा व फळमूळ आणणे हा हक्क न राहता परवानगीचा विषय झाला. जंगलखात्याच्या या जाचाविरुद्ध जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कठोर शब्दांत लिहिले आहे.

पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ मध्ये झाली. पहिले बिशप बायडरलिंडन यांच्या कारकीर्दीत १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ तीन वर्षांच्या अंतराने आले. मिशनने धान्य वाटले, अनाथ मुले सांभाळली, हे कोणी नाकारीत नाही व नाकारूही नये. परंतु वाटपाच्या ओळीत उभी राहणारी स्त्री सकाळी सराटे वेचूनच तेथे आली होती, हे टोमणा मारणाऱ्यास ठाऊक नसते आणि आपण त्यास सांगत नाही. कारण पाला खाल्ल्याची आपणांसच लाज वाटते!

विद्वानांस मात्र ती वाटली नाही. गोमंतकीय डॉक्टर जोझे कामिलो लिस्बोआ यांनी १८८६ साली मुंबई गॅझेटियरच्या वनस्पतिविषयक खंडात दुष्काळी वनस्पतींची नोंद केली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील गॅमी यांनी १९०२ मध्ये त्याच विषयावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. ही माहिती अर्थातच कोणा निरक्षर बायामाणसांनी पुरविली असली पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारी व सुकडी आली, दुष्काळी कामे निघाली, आणि सराट्याच्या भाकरीची पाळी बहुतेकांवर आली नाही. प्रस्तुत लेखकाच्या आजीने तेव्हाही सुकडीबरोबर घोळीची भाजी केल्याचे घरी सांगतात. त्यानंतर रान पालटले. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेल्या गाजर गवताने पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडा व्यापल्या. जेथे टाकळा व कुर्डू असे तेथे आता खाज सुटविणारे ते पांढऱ्या फुलांचे झुडूप आहे. शेतात तणनाशक मारले जाते. पाथरी, चिवळ, तांदुळजा यांची गणना तणांतच होते.

आपल्या ख्रिस्तमंदिराच्या मागील भिंतीलगत अद्याप घोळ उगवते. पावसाळ्यात रविवारची मिस्सा संपल्यावर दोघी-तिघी वृद्ध स्त्रिया तेथे पदर खोचून बसलेल्या दिसतात. त्या शेंडे तेवढे खुडतात, मूळ जमिनीतच ठेवतात.